चौथीपर्यंतच्या मुलाला आधार हवा असतो तेव्हा: गोव्यातल्या पालकांसाठी

पालक शिक्षक संघाच्या बैठकीत दोन तक्रारी हमखास कानावर येतात. ‘तिसरीत गेला तरी धड वाचत नाही’ ही पहिली. ‘शाळेचं नाव काढलं की हिच्या पोटात दुखतं’ ही दुसरी. पहिली तक्रार बाईंकडे जाते, दुसरी डॉक्टरांकडे. बाई घरी अभ्यास घ्यायला सांगतात, डॉक्टर पोट तपासून काही नाही म्हणतात, आणि दोन्ही घरं आहेत तिथंच राहतात. या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की पहिली ते चौथीच्या वयात त्या पुष्कळदा एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून मदतही दोन्ही बाजूंनी आणि एकाच वेळी लागते.

कसं ते पाहू. सहा-सात वर्षांचं मूल ‘कमळ’ वाचतं तेव्हा त्याला क ओळखून मनात धरावा लागतो, मग म, मग ळ, आणि तिन्ही जोडून ओळखीच्या शब्दाशी लावावे लागतात. एवढं सांभाळायला डोक्यात मोकळी जागा लागते. रात्री घरात भांडण झालं असेल, वडील सुट्टी संपवून कालच परत आखातात गेले असतील, किंवा मधल्या सुट्टीत कुणी रोज डबा हिसकावत असेल, तर ती जागा आधीच भरलेली असते. उलट बाजूही तितकीच खरी. ज्याला वाचता येत नाही ते मूल रोज कितीतरी तास अशा ठिकाणी बसतं, जिथं न येणारी गोष्ट सगळ्यांदेखत करायला लावतात. काही दिवसांत ते एकतर दंगा करायला लागतं नाहीतर अगदी गप्प होतं. दंगा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. गप्प बसणाऱ्या मुलीला ‘शहाणी आहे, त्रास देत नाही’ असा शेरा मिळतो आणि तिची चौथी तशीच सरते.

आधी कान आणि डोळे

मनाचा आणि बुद्धीचा विचार करण्याआधी एक साधी गोष्ट उरकून घ्यावी. फळ्यावरचं दिसतं का, आणि बाईंचं बोलणं ऐकू येतं का? पावसाळ्यात ज्यांची सर्दी महिनोन्‌महिने हटत नाही अशा लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं. ऐकू कमी येतं, तेही कधी येतं, कधी येत नाही. अशा मुलाला आपण ‘मुद्दाम ऐकत नाही’ म्हणून ओरडतो. जवळचं-लांबचं नीट न दिसणारं मूलही स्वतःहून कधी सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याखाली आरोग्य पथकानं सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा जाऊन मुलं तपासायची असतात. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाच्या कमतरता आणि वाढीतला उशीर हे सगळं त्यात पाहिलं जातं. तपासणी होते, पण पुढं पाठवलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळून जाते. ती चिठ्ठी मागून घ्या आणि जिल्हा इस्पितळात जाऊन दाखवा. म्हापसा आणि मडगाव इथल्या जिल्हा इस्पितळांत मुलांच्या विभागात चौकशी केली तर पुढची वाट कळते.

दहा मिनिटं, एक कागद आणि एक मूल

‘वाचता येत नाही’ या वाक्यानं काहीच कळत नाही. ताप आहे म्हटल्यावर जसा तो कशानं आला हे शोधावं लागतं, तसंच इथंही. त्यासाठी मोठी चाचणी लागत नाही. वर्गाबाहेर व्हरांड्यात बसून, बाकी मुलं ऐकत नाहीत अशा ठिकाणी, मुलासमोर एक कागद ठेवायचा. वर सुटी अक्षरं, त्याखाली साधे शब्द, त्याखाली चार ओळींचा परिच्छेद, शेवटी छोटी गोष्ट. 2005 पासून देशभर होणाऱ्या ‘असर’ पाहणीत मुलांचं वाचन याच पायऱ्यांनी पाहतात. मूल कुठल्या पायरीवर अडतं ते बघायचं, चूक दुरुस्त करायची नाही, फक्त लिहून घ्यायची.

समजा तिसरीतला एक मुलगा समोर आहे. अक्षरं तो भराभर सांगतो. शब्दांवर आला की ‘दिवस’चं ‘दवस’ होतं, ‘खेळ’चं ‘खळ’ होतं, ‘गुळ’ आणि ‘गोळ’ यांत तो गोंधळतो. परिच्छेदात चित्र बघून अंदाजानं काहीतरी म्हणतो. बाराखडी म्हणायला सांगितली तर क का कि की सुरात, न चुकता म्हणतो. मग बाई मधूनच ‘के’वर बोट ठेवून हे काय विचारतात, आणि तो मनातल्या मनात क पासून सुरुवात करून तिथपर्यंत मोजत येतो. इथं सगळं उघड झालं. बाराखडी त्याला पाठ आहे, ओळखता येत नाही. त्याची अडचण काना, मात्रा आणि वेलांटीशी आहे. त्यात पहिली वेलांटी लहान मुलांना फार चकवते, कारण ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर. या मुलाला ‘रोज एक पान शुद्धलेखन काढ’ म्हणून काहीही होणार नाही. त्याला पाच-सहा आठवडे फक्त मात्रांवर, उलटसुलट क्रमानं, कार्डांचा खेळ करून काम हवं.

घ-ध, भ-म, थ-य अशा दिसायला जवळच्या अक्षरांची अदलाबदल पहिली-दुसरीत सगळेच करतात. त्यानं घाबरून जायचं कारण नाही. नीट शिकवूनही तिसरीच्या अखेरीस ती तशीच राहिली, किंवा फळ्यावरून उतरवताना ओळीच गळत असल्या, तर पुढची तपासणी मागावी.

आणखी एक गोष्ट गोव्यात पावलोपावली भेटते. मराठी शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी कोंकणी बोलतात. कुणाकडे कन्नड, कुणाकडे लमाणी, कुणाकडे हिंदी. पाण्याचं चित्र बघून मूल ‘उदक’ म्हणालं तर त्याला अर्थ बरोबर कळलेला आहे, फक्त पुस्तकातला शब्द अजून त्याचा झालेला नाही. हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं. ओळखायची युक्ती सोपी आहे. तीच गोष्ट घरच्या भाषेत सांगायला लावा. ती त्यानं रंगवून सांगितली तर विचार करण्यात काही कमी नाही, शब्दांची भर घालावी लागेल एवढंच. घरच्या भाषेतही वाक्य जुळत नसेल, साध्या सूचना समजत नसतील, तर ऐकणं आणि बोलणं तपासून घ्यावं. शिक्षण शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून असावं असं शिक्षण हक्क कायद्याच्या 29व्या कलमातच म्हटलं आहे, तेव्हा वर्गात घरची भाषा बोलू देण्यात बाईंनी संकोचायचं काही कारण नाही.

अशा वेळी बरेच पालक माध्यमच बदलायचं ठरवतात. मराठीत जमत नाही, मग इंग्रजीत घालू. मला हे कळकळीनं सांगावंसं वाटतं, की अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायची अडचण एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मुलाबरोबरच जाते. तिथं वर शब्दही अनोळखी असतात.

मदतीचे तीन थर

अभ्यासाच्या मदतीची रचना शिक्षणशास्त्रात तीन थरांची मानतात. सगळ्यात खालचा थर सगळ्या वर्गाचा: नीट शिकवणं, गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवणं, रोज थोडं लिहून घेणं. एवढ्यानं बहुतेक मुलं पुढं सरकतात. जी मागे राहतात त्यांच्यासाठी दुसरा थर: चार-पाच जणांचा गट, आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा तास, आणि तोही ठरावीक अडचणीवर. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तोच कागद समोर ठेवायचा. तरीही हालचाल नसेल तेव्हा तिसरा थर, म्हणजे एकट्या मुलाबरोबर विशेष शिक्षकाचं काम. लेबल लावण्याची घाई इथं कुणी करायची नसते. दुसऱ्या थराची मदत मिळाल्यावर मूल कसं प्रतिसाद देतं, हीच पुढच्या निर्णयाची सगळ्यात भरवशाची खूण असते.

‘आमच्या गावच्या शाळेत शिक्षकच एक-दोन, गट कुठून करणार?’ हा प्रश्न सत्तरी, सांगे, काणकोणमधले पालक विचारतील, आणि तो रास्त आहे. पण छोट्या शाळेची एक जमेची बाजू आहे. चार इयत्ता एकाच खोलीत बसत असतील तर वाचनाच्या पायरीप्रमाणे गट करायला अडसर उरत नाही. दुसरीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा एकाच पायरीवर असतील तर अर्धा तास एकत्र बसतात. इयत्ता विसरून पातळीप्रमाणे शिकवायची ही पद्धत ‘प्रथम’ संस्थेनं देशात अनेक ठिकाणी वापरून दाखवलेली आहे. केंद्राच्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमाचा, जो 5 जुलै 2021 रोजी सुरू झाला, हेतूही हाच आहे, की 2026-27पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत.

हे बाईंच्या मेहेरबानीवर आहे असं मात्र समजू नका. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचं 24वं कलम शिक्षकांची कर्तव्यं सांगतं. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून लागेल तिथं जादा शिकवणं आणि पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, प्रगती सांगणं ही दोन्ही त्यात आहेत. जादा शिकवणं शाळेतच व्हायला हवं. त्याच कायद्याचं 28वं कलम शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. संध्याकाळच्या ट्यूशनला घातलं की प्रश्न सुटला असं वाटतं, पण तिथं गृहपाठ पुरा होतो, अडलेली पायरी तशीच राहते.

मनाचा आधार म्हणजे नेमकं काय

समुपदेशन म्हटलं की टेबलापलीकडे बसून विचारपूस, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. सात वर्षांच्या मुलाला ‘तुला काय वाटतं?’ विचारलं तर ते खांदे उडवेल. या वयातलं काम खेळ, चित्र, बाहुल्या आणि गोष्टी यांतून होतं, आणि निम्म्याहून अधिक काम मुलाभोवतीच्या मोठ्यांबरोबर करावं लागतं. वर्गातही बरंच करता येतं. दिवसाचा क्रम फळ्यावर लिहिणं, म्हणजे पुढं काय होणार हे मुलाला कळतं. राग, भीती, लाज, कंटाळा यांना नावं देणं. चुकलं तर सगळ्यांसमोर न बोलता जवळ बोलावून सांगणं. आणि शाळेत एक तरी मोठं माणूस असं असणं, ज्याच्याकडे जाऊन रडता येईल. मग त्या बाई असोत नाहीतर माध्यान्ह आहार वाढणारी मावशी.

पोटात दुखण्याचंच घ्या. डॉक्टरांनी तपासून शरीराचं काही नाही म्हटल्यावर दोन आठवडे एका वहीत लिहून ठेवा: दुखणं कधी आलं, आदल्या दिवशी काय होतं, त्या दिवशी कुठला तास होता, किती वेळात थांबलं. रविवारी आणि चतुर्थीच्या सुट्टीत दुखत नसेल, फक्त गणिताच्या चाचणीच्या किंवा बालरथात (शाळेच्या बसमध्ये) ठरावीक मुलाशेजारी बसावं लागण्याच्या दिवशी दुखत असेल, तर वहीच उत्तर देते. दुखणं खोटं आहे असं मात्र कधीही म्हणू नका. भीतीनं पोट खरंच दुखतं. आतडी आवळतात, मळमळतं, कधी उलटीही होते.

कारण कळलं की ते आधी दूर करायचं. दादागिरी होत असेल तर ती थांबवल्याशिवाय मुलाला ‘धीट हो’ सांगण्यात अर्थ नाही. ते झाल्यावर मात्र मुलाला घरी ठेवत राहू नये, कारण घरी राहिलेला प्रत्येक दिवस पुढचा दिवस अवघड करतो. बाईंशी ठरवून पायऱ्या करा. पहिल्या दिवसांत बाईंनी फाटकापाशी येऊन हात धरायचा, आल्या आल्या एखादं काम द्यायचं, झाडांना पाणी घालणं, हजेरीपट ऑफिसात नेणं, आणि मग वर्गात. आईनं निरोप घ्यायचा तो थोडक्यात, आणि न सांगता पळून न जाता. आई दहा वेळा मागे वळून बघते तेव्हा मुलाला वाटतं, इथं खरंच काहीतरी भिण्यासारखं आहे.

मारणं आणि अपमान करणं, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमानं बंदी आहे. ‘ढ’ म्हणून हाक मारणं, बाकावर उभं करून हसू करणं हे मानसिक छळातच मोडतं. पालकांनीही घरी हे शब्द वापरू नयेत, हे वेगळं सांगायला हवं का?

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नाही. मूल अचानक बदललं, एका विशिष्ट माणसाजवळ जायला घाबरू लागलं, अंगावर न सांगता येणाऱ्या खुणा दिसल्या, किंवा ‘मी मेलो तर बरं’ असं काही बोललं, तर त्याच दिवशी हालचाल करा. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला 112. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी तो पोलिसांना कळवणं 2012च्या पॉक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे, शाळेवरसुद्धा. शिवाय आपल्याकडे 2003चा गोवा बाल कायदाही आहे. मुलानं सांगितलेल्या बाकी गोष्टी शाळेनं गुप्त ठेवायच्या. धोक्याच्या गोष्टी गुप्त ठेवायच्या नाहीत. हा फरक समुपदेशकानं मुलाला सुरुवातीलाच सोप्या शब्दांत सांगायला हवा.

कुणाकडे जायचं

नावं अनेक आणि गोंधळ मोठा, म्हणून थोडक्यात सांगते. विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित शिकवण्याच्या वेगळ्या पद्धती जाणतो. समुपदेशक बोलण्या-खेळण्यातून मनाला आधार देतो आणि पालकांना वाट दाखवतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या करून अडचण नेमकी काय आहे ते ठरवतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषध लागलं तर तोच देतो. उच्चारांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ वेगळा. विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. खासगी ठिकाणी पैसे मोजण्याआधी नोंदणी क्रमांक खुशाल विचारा.

आपल्याकडे गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून समुपदेशक नेमले जातात, पण त्यांचा भर हायस्कुलांवर आहे. पहिली ते चौथीच्या स्वतंत्र प्राथमिक शाळा त्यामुळे बऱ्याचदा बाजूला राहतात. माझ्या मते ही सगळ्यात मोठी उणीव आहे, कारण आठवीतल्या मुलाच्या कितीतरी अडचणी दुसरीतच दिसायला लागलेल्या असतात. जवळच्या हायस्कुलात समुपदेशक येत असेल तर महिन्यातून एक दिवस त्यांना प्राथमिक शाळेत बोलवावं, अशी मागणी पालक शिक्षक संघानं लेखी करावी. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेखाली विशेष गरजांच्या मुलांसाठी काम करणारे शिक्षक असतात. त्यांची चौकशी मुख्याध्यापकांमार्फत किंवा भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करा. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत मुलांचीही तपासणी होते. मुलांच्या विकासावर काम करणारी ‘सेतू’ आणि मानसिक आरोग्यात 1996 पासून काम करणारी ‘संगाथ’ या संस्थाही गोव्यातल्याच. मध्यरात्री काळजीनं झोप उडालेल्या आईबापांसाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, नंबर 14416, तो ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याविषयी एक गोष्ट नीट समजून घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली टिकून राहणारी अडचण, हा त्यांतला एक. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिचा दाखला आठ वर्षांच्या आधी दिला जात नाही, कारण त्याआधी वाचायला शिकतानाच्या सर्वसाधारण चुका आणि खरी अक्षमता यांत फरक करणं कठीण असतं. पण दाखला नाही म्हणून मदत नाही, असं होता कामा नये. त्याच कायद्याचं 16वं कलम शाळांना अशी अडचण लवकरात लवकर ओळखून शिकवण्याचे योग्य उपाय करायला सांगतं. दाखल्याचा उपयोग पुढं परीक्षेच्या सवलतींसाठी होतो. दहावीला गोवा बोर्ड जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. त्या सवलतींचा अर्ज करताना जुने अहवाल लागतात.

आणि इथंच गोव्यातली एक अडचण येते. चौथी झाली की मूल प्राथमिक शाळा सोडून हायस्कुलात पाचवीत जातं. नवी इमारत, प्रत्येक तासाला नवा शिक्षक, बसचा किंवा बालरथाचा प्रवास. चार वर्षं ज्या बाईंना त्याची नाडी कळली होती त्या मागे राहतात. बरोबर जातो तो शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतीपत्रक, ज्यांत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पाचवीतले शिक्षक मग पहिल्यापासून ‘लक्ष देत नाही’ म्हणायला सुरुवात करतात.

म्हणून पहिलीपासूनच एक फाइल घरी करा. डोळ्यांचा आणि कानांचा तपास, वाचनाचे ते कागद तारखेसकट, वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं वहीचं एकेक पान, कुणी काय मदत केली आणि कशाचा उपयोग झाला, मुलाला काय छान येतं, कशानं घाबरतं, घाबरलं की कशानं शांत होतं. चौथीच्या शेवटच्या महिन्यात बाईंकडून एक पानभर लिहून घ्या. पाचवी सुरू व्हायच्या आठवड्यात वर्गशिक्षकांची वेळ मागून ती फाइल घेऊन भेटा, आणि मुलाला आदल्या दिवशी नव्या शाळेत नेऊन त्याचा वर्ग, पाण्याची जागा आणि संडास दाखवून आणा.